वाशी बुडवायची असेल तर समुद्र दोनच मीटर चढवा

प्रलयकथेत पहिल्याच पानावर शंभर मीटरची लाट आली की पुढे लिहायला काही उरत नाही. ठाणे-नवी मुंबईत घडणारी कथा असेल तर पाणी सावकाश चढवा. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल, पृथ्वीवरचा सगळाच वितळला तर ६५च्या आसपास. पण त्याला शतकानुशतकं लागतात. बर्फ एका रात्रीत वितळवलात की जाणकार वाचक अंक मिटतो.

तुम्हाला दोन मीटर पुरे आहेत. नवी मुंबईचा बराचसा भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून तिथे धारण तलाव आहेत. पावसाचं पाणी तलावात साठतं आणि झडपेतून खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी बाहेरून झडप दाबून धरतं, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून उघडतं. समुद्र दोन मीटर चढला की ओहोटीची पातळीही आजच्या सरासरीच्या आसपास येते, आणि झडपेला उघडायला फुरसतच मिळत नाही. आता पाऊस पाडा. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे १० कोटी लिटर; १० हेक्टरच्या तलावात ते पाणी मीटरभर चढतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, तेव्हा आकडा फुगवायची गरज नाही.

तिथी सांभाळा. पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती असेल, तर अष्टमीला त्याच वेळी ओहोटी हवी. दिवाळे गावचा कोळी तुमच्या कथेत असेल आणि त्याला हे ठाऊक नसेल, तर ते पात्र काढूनच टाका.

प्रलयातून वाचलेल्यांची खरी अडचण पाण्याचीच. जॉर्ज स्ट्युअर्टच्या १९४९च्या ‘अर्थ अबाइड्स’मध्ये माणसं संपल्यावरही नळाला कितीतरी वर्षं पाणी येत राहतं. घोडबंदरच्या टॉवरमध्ये ते चालणार नाही, कारण जमिनीखालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर पंप चढवतो, आणि वीज गेली की तो बंद. वीस मजले, मजल्याला चार घरं, घरात चार माणसं: ३२० जण. माणशी रोज १३५ लिटर वापरले तर जमिनीखालची एक लाख लिटरची टाकी सव्वादोन दिवसांत कोरडी. फक्त पिण्यापुरते ३ लिटर दिले तर शंभर दिवस. या दोन आकड्यांमधली सोसायटीची मीटिंग हा कथेचा गाभा. तिथे पानं खर्च करा, सेक्रेटरीला बोलू द्या.

एक चूक फार दिसते: खारं पाणी उकळून पिणं. उकळून जंतू मरतात, मीठ तसंच राहतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीत दहा टक्के शिरलं तरी साडेतीन ग्रॅम, आणि पिण्याच्या पाण्याला दोनच्या वर चालत नाही. जमिनीखालच्या टाकीचं झाकण जेमतेम वीतभर उंच असतं. ते कधी बुडतं हे लिहायला बसण्याआधी ठरवा, म्हणजे शंभर दिवसांचा हिशेब नेमका कितव्या दिवशी मोडायचा ते कळेल.