पुण्यातलं रीपर, कुडाळातले कान

रिमोट डेस्कटॉप (लांबचा कॉम्प्युटर इथून चालवायची विंडोजची सोय) जोडला, रीपर (आवाज मुद्रित करून मिक्स करायचं सॉफ्टवेअर) उघडलं, स्पेस दाबली. मास्टरचे मीटर वरखाली होतायत, कर्सर पुढे सरकतोय आणि हेडफोनमध्ये मात्र काहीच नाही. त्याच मशीनवर यूट्यूब लावलं तर गाणं व्यवस्थित ऐकू येतं. नाटकांचं पार्श्वसंगीत करणारे मित्र मला हे कोडं सारखं घालतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

माझा संसार असा: सदाशिव पेठेतल्या खोलीत विंडोज प्रोचा डेस्कटॉप, त्याला यूएसबी इंटरफेस (माइक-स्पीकर जोडायची आवाजाची पेटी), सगळी सॅम्पल्स (वाद्यांचे मुद्रित तुकडे) आणि प्लगइन्स (रीपरमध्ये बसणारी छोटी सॉफ्टवेअर) तिथेच. मी कुडाळला आईकडे, साध्या लॅपटॉपवर. (विंडोज होम असेल तर त्या मशीनवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. मग स्क्रीनसाठी क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा पार्सेक घ्या. खाली दिलेली आवाजाची दुसरी वाट तुम्हालाही चालेल.)

आवाज अडतो तो एएसआयओपाशी. हा ड्रायव्हर विंडोजची ऑडिओ व्यवस्था बाजूला ठेवून थेट इंटरफेसशी बोलतो, म्हणून तर तो चपळ. रिमोट डेस्कटॉप मात्र विंडोजच्या हातून गेलेलाच आवाज उचलतो. यूट्यूब विंडोजमधून जातं, ते कुडाळला पोचतं. रीपर मागच्या दाराने इंटरफेसला जातं, ते पुण्यातच वाजतं. आणि खरंच वाजतं बरं का! स्टुडिओतून निघताना मॉनिटर स्पीकर मागच्या बटणाने बंद करा. नाहीतर तुम्ही इथे सेटिंग्ज शोधत बसाल आणि तिकडे खालच्या मजल्यावरचे काका रात्री साडेअकराला तुमची तुतारी पूर्ण आवाजात ऐकतील.

सोपी वाट आधी सांगते. लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉपची खिडकी उघडून ‘शो ऑप्शन्स’, मग ‘लोकल रिसोर्सेस’, तिथे ‘रिमोट ऑडिओ’च्या सेटिंग्जमध्ये ‘प्ले ऑन धिस कॉम्प्युटर’ निवडा. जोडल्यावर पुण्याच्या मशीनवर ‘रिमोट ऑडिओ’ नावाचं उपकरण दिसायला लागतं. आता रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, डिव्हाइस इथे जाऊन एएसआयओच्या जागी वासापी (विंडोजच्या ऑडिओ व्यवस्थेतूनच जाणारी वाट) घ्या, मोड शेअर्ड ठेवा आणि बफर, म्हणजे आवाज साठवून पुढे देणारा टप्पा, 1024 करा. रीपर तक्रार करायला लागलं तर बहुधा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) जुळत नसतो. ‘रिमोट ऑडिओ’चा रेट पाहून तोच द्या. वासापीने अगदीच हट्ट धरला तर डायरेक्टसाउंड लावा. रीपरऐवजी एबलटन लाइव्ह वापरणाऱ्यांनी एमएमई/डायरेक्टएक्स हा ड्रायव्हर प्रकार घ्यावा. एक क्रम पाळा: आधी रिमोट डेस्कटॉप जोडा, मग रीपर उघडा. रीपर आधीपासून चालू असेल तर त्याच्या पायाखालचं उपकरण बदलतं आणि ते गप्प बसतं.

आवाज फार पिचलेला वाटला तर जोडणीची सेव्ह केलेली आरडीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडून शेवटी एक ओळ घाला: ऑडिओक्वालिटीमोड, कोलन, आय, कोलन, 2. सगळं इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता. 2 म्हणजे उच्च दर्जा. मुळात तो 0 असतो, म्हणजे नेट पाहून आपोआप ठरणारा.

या वाटेने संवादांची कापाकापी, क्यू लावणं, ट्रॅकना नावं देणं, फेड ओढणं, सगळं होतं. मिक्स करू नये. का ते ऐकायचं असेल तर तानपुरा लावा. जवारीतून उठणारे वरचे स्वर हे आवाज दाबणाऱ्या यंत्रणेचं पहिलं भक्ष्य. झणकार जातो, त्या जागी पाण्याखालून आल्यासारखी एक सळसळ उरते. तबल्याच्या चाटेवरची धार बोथट होते, रिव्हर्बची शेपटी मध्येच तुटते. मी एक छोटी चाचणी फाइल करून ठेवली आहे: तानपुरा, त्यावर तबला, मग एका नटाचं कुजबुजतं वाक्य. तीच फाइल लॅपटॉपवरही आहे. दोन्हीकडून वाजवून तुलना करते आणि मगच त्या दिवशी काय काम करायचं ते ठरवते.

मिक्ससाठी दुसरी वाट: चित्र एका रस्त्याने, आवाज दुसऱ्या. सोनोबस हे फुकट आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर दोन्ही मशीनवर टाका. पुण्यात ते रीपरमध्ये प्लगइन म्हणून चालतं, कुडाळला स्वतंत्र ॲप म्हणून. दोन्हीकडे एकच ग्रुपचं नाव आणि एकच पासवर्ड दिला की ती एकमेकांना शोधतात. रीपर आता एएसआयओवरच राहू द्या आणि रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये ‘डू नॉट प्ले’ करा.

प्लगइन कुठे लावायचं याला महत्त्व आहे. बरेच जण मास्टर ट्रॅकवर लावतात. तिथे ते रेंडरच्या, म्हणजे तयार फाइल बाहेर काढण्याच्या, वाटेत येतं आणि लॅपटॉपचा माइक चालू राहिला असेल तर आईने मारलेली हाक तुमच्या पार्श्वसंगीतात शिरण्याची सोय होते. रीपरमध्ये व्ह्यू मेनूत ‘मॉनिटरिंग एफएक्स’ आहे. तिथे लावलेलं काहीही रेंडरमध्ये जात नाही. सोनोबस तिथे लावा, आणि तरीही लॅपटॉपकडून पाठवणं म्यूट करा.

दर्जा निवडताना ओपस (आवाज दाबून पाठवणारं) किंवा पीसीएम (न दाबता पाठवणारं) असे पर्याय येतात. मी 24 बिट पीसीएम घेते. हिशेब सोपा आहे: दोन चॅनेल, 48,000 सॅम्पल, 24 बिट, म्हणजे सेकंदाला सुमारे 2.3 मेगाबिट. एवढी अपलोड पुण्याच्या बाजूला टिकून हवी; कुडाळच्या बाजूला तेवढीच डाउनलोड. पावसाळ्यात इकडचं नेट डळमळतं तेव्हा ओपसवर येते. जास्त बिटरेटचं ओपस रिमोट डेस्कटॉपच्या आवाजापेक्षा माझ्या कानाला कितीतरी बरं वाटतं. टकटक ऐकू आली तर कुडाळच्या बाजूचा जिटर बफर (नेटची अनियमितता झेलणारा साठा) वाढवा. आणि लॅपटॉप वायफायवर ठेवू नका, केबल लावा. एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

डेस्कटॉप आणि लॅपटॉप एकाच घरात असतील, नुसते वरखाली, तर सोनोबसचीही गरज नाही. रीपर बनवणाऱ्या कोकोजचंच रीस्ट्रीम हे फुकट प्लगइन तेवढं काम करतं.

उशिराबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो: अंतर जास्त म्हणून आवाज उशिरा. फायबरमधून प्रकाश 1,000 किलोमीटर साधारण 5 मिलिसेकंदांत जातो, त्यामुळे पुणे-कुडाळ अंतराचा वाटा नगण्य. वेळ खातात ते बफर, राउटर आणि वायफाय. तरी सगळं मिळून 60 ते 100 मिलिसेकंद धरून चाला. 120 च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे पाव मात्रा 125 मिलिसेकंदांची. थोडक्यात, लॅपटॉपला कीबोर्ड लावून पुण्याचं सॅम्पलर वाजवायचा विचार सोडा. मिडी (आवाज नव्हे, नुसत्या दाबलेल्या सुरांची नोंद) लॅपटॉपवर एखाद्या हलक्या सॉफ्टवेअर वाद्यावर वाजवून फाइल तिकडे टाका. पंच-इन (चालू ट्रॅकमध्ये मधलाच तुकडा पुन्हा मुद्रित करणं) हाताने करू नका, टाइम सिलेक्शन आखून ऑटो पंच लावा. दुसऱ्या वाटेने कर्सर आणि आवाजही एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा कट नेहमी वेव्हफॉर्म पाहून करा.

राउटरवर 3389 पोर्ट उघडून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ते पोर्ट सतत चाचपणारे लोक जगभर बसलेत. दोन्ही मशीनवर टेलस्केल (तुमच्या मशीनचं खाजगी जाळं बनवणारं सॉफ्टवेअर) टाका, ते 100 ने सुरू होणारा पत्ता देतं, रिमोट डेस्कटॉपमध्ये तोच लिहा. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती कनेक्शनांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, तिथेही हे चालतं. डेस्कटॉपचा स्लीप बंद करा. बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती चालू करा, आणि राउटरही यूपीएसवर घ्या.

शेवटचा निकाल मात्र मी कुठल्याच प्रवाहावर देत नाही. पुण्यात 24 बिट वेव्ह रेंडर करते, फाइल उतरवून लॅपटॉपवर ऐकते, मिनिट-सेकंद टिपून ठेवते आणि परत आत जाऊन दुरुस्त करते. लांबलचक रेंडर चालू असताना बाहेर पडायचं असेल तर रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीची फुली दाबा; सेशन तिकडे तसंच चालू राहतं. साइन आउट दाबलंत तर रीपरही बंद होईल.