अमॉक्सिसिलिन घेताना: काउंटरवरून चार गोष्टी

इंदूरला राजवाड्याजवळच्या मेडिकलवर मी २१ वर्षं काउंटरला होतो. अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची चिठ्ठी आली की माझा प्रश्न ठरलेला, "काकू, पेनिसिलिननं कधी अंगावर पित्त उठलं होतं का?"

"छे, मी कुठे पेनिसिलिन घेतेय?"

अहो, हे त्याच घराण्यातलं! तसं कधी घडलं असेल, किंवा वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं), मेथोट्रेक्सेट (संधिवातात वगैरे देतात ते) चालू असेल, तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

दिवसातून तीनदा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी: सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. पोहे खाऊन घेतलं तरी चालतं. वेळ चुकली तर आठवताच घ्या. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत.

खरी गफलत होते मुलांच्या पावडरच्या बाटलीत. आधी बाटली ठोकून पावडर मोकळी करा. उकळून गार केलेलं थोडं पाणी घालून हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेस खुणेला टेकला की थांबणारे खूप पाहिले. त्यात औषध दाट होतं. दर वेळी हलवूनच द्या, तेही सोबतच्या मापानं. आमच्या वहिनी पोह्यांचा चमचा वापरायच्या! लेबलवरचे दिवस संपले की उरलेलं फेका.

ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली, तर पुढचा डोस नाही, थेट १०८. पाण्यासारखे किंवा रक्ताचे जुलाब झाले तर डॉक्टरांना फोन करा. दोन दिवसांत बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पुरे करा.