फेअर यूज: उतारा उचलण्याआधी काय तपासायचं

फेअर यूज म्हणजे कॉपीराइट असलेल्या कृतीचा काही भाग मालकाच्या परवानगीशिवाय वापरण्याची कायद्यातली मुभा. तीस सेकंदांचं गाणं चालतं, दहा टक्के मजकूर चालतो, असं तिच्याबद्दल सर्रास सांगितलं जातं. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात असा आकडा कुठेच नाही. १९७६ च्या कायद्यातल्या कलम १०७ मध्ये चार निकष आहेत आणि न्यायालय ते एकत्र तोलतं.

आधी हेतू बघा. टीका, बातमी, अध्यापन, संशोधन यांची नावं कलमातच आहेत, पण तेवढ्याने सुटका होत नाही. चित्रपटातल्या दृश्यावर प्रकाशयोजनेबद्दल बोलत असाल, तर ते दृश्य दाखवायला कारण आहे. तेच दृश्य नुसतं मागे शोभेला लावलं तर नाही. कच्च्या खर्ड्यात प्रत्येक उताऱ्याशेजारी लिहा: हा काढला तर माझा कोणता मुद्दा पडतो? उत्तर सुचलं नाही तर उतारा काढा.

मूळ कृती कल्पित किंवा अप्रकाशित असेल तर हात आखडता घ्या. माहितीपर मजकुराला मोकळीक जास्त.

किती घेतलं, यातच बहुतेक जण फसतात. माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या अप्रकाशित आठवणींचं हस्तलिखित सुमारे दोन लाख शब्दांचं होतं. एका नियतकालिकाने त्यातले जेमतेम तीनशे शब्द जसेच्या तसे छापले आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं. निक्सन यांना दिलेल्या माफीचा भाग, म्हणजे पुस्तकाचा गाभाच, त्यात होता. शिवाय उतारे आधी छापायचा करार केलेल्या मासिकाने उरलेले १२,५०० डॉलर द्यायला नकार दिला. उलट गूगलने ओरॅकलच्या कोडच्या सुमारे ११,५०० ओळी घेऊनही २०२१ मध्ये तो वापर फेअर यूज ठरला.

ते १२,५०० डॉलर म्हणजेच चौथा निकष: बाजार. तुमचं वाचून मूळ विकत घ्यायची गरजच उरत नसेल तर बाजू लंगडी. तुमच्या झणझणीत टीकेमुळे खप घटला, तर ते नुकसान मात्र यात धरत नाहीत.

‘साभार’ लिहिणं हा शिष्टाचार झाला, परवानगी नव्हे. ‘पैसे कमवत नाही’ हेही एकट्याने पुरत नाही.

फेअर यूज हा बचाव आहे, तो तुम्हालाच मांडावा लागतो. म्हणून चारही उत्तरं तारखेसह लिहून ठेवा. कॉपीराइटच्या तक्रारीवरून संकेतस्थळाने तुमचा व्हिडिओ काढून टाकला तर प्रतिनोटीस, म्हणजे ‘तो चुकून काढला’ असं लेखी उत्तर, देता येते. तक्रारदाराने दावा लावला नाही, तर साधारण १० ते १४ कामकाजी दिवसांत व्हिडिओ परत येतो. प्रतिनोटिशीत जाणूनबुजून खोटं लिहिलं तर खोट्या साक्षीची शिक्षा होऊ शकते, तेव्हा टिपणं समोर ठेवूनच ती भरा.