लीव्ह व्हेकन्सीवर चित्रकला शिकवायला जाताय? या चुका टाळा

पहिल्याच दिवशी मी चित्रकलेचं कपाट साफ केलं होतं. आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, मी नुकतीच एटीडी (कलाशिक्षक पदविका) झालेली, अंगात उत्साह मावत नव्हता. कपाटात बूड काळं पडलेली किटली होती, कान तुटलेला मग, दोन धुळकट बाटल्या, वाळून दगड झालेलं डाळिंब आणि एक विटलेलं निळं कापड. शिपाई मामांना सांगून सगळं भंगारात दिलं. पुढच्या सोमवारी नववीच्या वर्गात पाऊल टाकलं तर पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, किटली कुठंय?" इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसणारी मुलं दोन महिने त्याच वस्तूंवर स्थिरचित्राचा सराव करत होती. किटलीची चमक कुठे पडते, मगाची सावली बाटलीवर कशी चढते, हे त्यांना पाठ झालं होतं. माझ्या घरची किटली आणली खरी, पण ती नवीकोरी. मुलांना ती आवडली नाही आणि मलाही नाही.

तेव्हा पहिले आठ दिवस कपाटाला हात लावू नका. नुसतं बघा. गेल्या वर्षीचे कागद बाहेर काढा, बाईंचं टाचण (तासांची टिपणं) वाचा आणि शक्य असेल तर त्यांना एक फोन करा. एलिमेंटरीला कोण बसलंय, इंटरमिजिएटला कोण, आणि कुठवर आलंय, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. या दोन्ही परीक्षा कला संचालनालयाच्या. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असे त्यांचे ठरलेले पेपर असतात. परीक्षा तोंडावर असताना पद्धत बदलू नका. मुलं पोस्टर कलरनं करत असतील तर 'जलरंगाची मजा काही औरच' असं सांगायला जाऊ नका. मजा असते, पण ती दिवाळीनंतर.

मुलाच्या कागदावर पेन्सिल चालवणं

ही चूक सगळे करतात आणि कबूल कुणी करत नाही. पंचावन्न-साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, आणि समोर वाकडा तांब्या. हात शिवशिवतो. 'बघ, असं' म्हणत आपण त्याची पेन्सिल घेतो आणि दोन रेषांत तांब्या उभा करतो. मुलगा खूश, आपणही खूश. महिनाअखेरीला मी आठवीची वस्तुचित्रं दोरीला चिमट्यांनी लावली तेव्हा उलगडा झाला. माझ्या हातचा तांब्या नेहमी किंचित डावीकडे झुकतो, ही माझी कॉलेजपासूनची खोड. दोरीवरचे वीसेक तांबे डावीकडे झुकलेले होते.

दाखवायचंच असेल तर स्वतःजवळ रद्दी कागदाची वही ठेवा, त्याच्या चित्राशेजारी धरून त्यावर काढा आणि आपला कागद घेऊन पुढे चला. त्याच्या कागदावरची रेष त्याचीच राहू द्या, वाकडी असली तरी.

तांब्याचं तोंड का चुकतं

जवळजवळ प्रत्येक वर्गात तोच घोटाळा दिसतो: तोंडाचा लंबगोल बदामासारखा, दोन्ही टोकांना टोचणारा, आणि बूड पट्टीनं मारल्यासारखं सरळ. तांब्या टेबलावर सपाट बसतो हे मुलाला ठाऊक असतं, म्हणून तो डोळ्याला दिसणारं सोडून ठाऊक असलेलं काढतो. 'नीट बघ' म्हणून उपयोग होत नाही. त्याच्या डब्याबरोबरचा स्टीलचा ग्लास घ्या आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेत धरा. तोंड एक आडवी रेघ दिसेल. हळूहळू खाली न्या. रेघ उघडत जाते, फुगते. आता विचारा, तोंड आणि बूड यांतलं डोळ्यापासून जास्त खाली काय? बूड. मग जास्त गोल काय दिसायला हवं? इथे वर्गात हमखास शांतता पसरते, आणि मग कोपऱ्यातून कुणीतरी "आयला!" म्हणतं. त्याला रागावू नका.

याच ठिकाणी मी स्वतः आपटले आहे. एका मुलीला तीनदा सांगितलं, "तोंड अजून उघड, एवढं चपटं नसतं." तिनं तीनदा खोडलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "बाई, तुम्ही इथं बसून बघा ना." बसले. वस्तू व्यासपीठावरच्या टेबलावर मांडल्या होत्या, आणि तिच्या पहिल्या बाकावरून तांब्याचं तोंड जेमतेम काडीएवढं दिसत होतं. मी उभी राहून वरून बघत होते, ती बसून समोरून. चूक माझी होती. तेव्हापासून चित्र तपासायचं तर आधी मुलाच्या जागेवर बसते. वस्तूही आता टेबलावर ठेवत नाही. तीन-चार स्टुलं घेऊन बाकांच्या मधल्या जागेत गट मांडते, म्हणजे मागच्या बाकालाही काही दिसतं.

मांडणी करताना ट्यूबलाइट बंद करा आणि एकाच बाजूच्या खिडकीचा उजेड येऊ द्या. दोन्हीकडून उजेड आला की सावल्या दोन दिशांना पळतात आणि मुलं गोंधळून सगळंच काळं करतात. मांडणीतलं कापड पंख्याखाली ठेवू नका, दर मिनिटाला चुण्या बदलतात. हेही अनुभवानंच.

'मनाला येईल ते काढा'

तयारी नसली की आपण हे म्हणतो. मग साठ कागदांवर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळ आणि चार आकड्यांचे पक्षी उमटतात. परळच्या चाळीतल्या आणि कांदिवलीच्या टॉवरमधल्या मुलांची झोपडी हुबेहूब एकच. विषय अरुंद द्या: 'पाऊस' नको, 'प्लॅटफॉर्मवर पाऊस लागू नये म्हणून उभी असलेली माणसं' द्या. मग छत्र्या येतात, भिजलेली दप्तरं येतात, एकाच्या चित्रात बुटात घातलेली प्लास्टिकची पिशवीसुद्धा आली.

वेळ काढायचं दुसरं साधन म्हणजे वारली. दोन त्रिकोण जोडले की माणूस, झालं! असं शिकवू नका. लग्नाच्या वेळी घरातल्या सुवासिनी चौक (भिंतीवरचं चौकोनी चित्र) लिहितात, मधोमध पालघाट देवी असते, गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग लावतात, एवढं तरी सांगा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, हेही सांगा. आणि जपून बोला. आरे कॉलनीत आजही वारली पाडे आहेत. तुमच्या वर्गात तिथलं कुणी बसलेलं असू शकतं, आणि त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असू शकतं.

जुलै आणि पोस्टर कलर

मुंबईच्या पावसाळ्यात रंग वाळत नाही. तास संपतो, कागद एकावर एक रचले जातात, आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन चित्रं एकमेकांना चिकटलेली. ओले कागद रचू नका, दोरीला लावा. दोरी नसेल तर मध्ये वर्तमानपत्र घाला, पण तेही चिकटतं, हे लक्षात असू द्या. मी जून-जुलैमध्ये पेन्सिल, शाई आणि तेलखडूवर भर देते. रंगाचा दिवस असेलच तर दोन बादल्या वर्गातच ठेवा, एक स्वच्छ आणि एक घाण पाण्याची, आणि घंटेच्या दहा मिनिटं आधी ब्रश खाली ठेवायला लावा. साठ मुलं बेसिनवर गेली की पुढच्या तासाचे गणिताचे सर दारात उभे असतात, आणि त्यांची नजर आयुष्यभर विसरत नाही.

सामानाच्या यादीबद्दलही थोडं. महागडे ब्रश, अमुकच कंपनीचे रंग असं लिहून पाठवू नका. तुम्ही काही महिन्यांसाठीच आहात, पालकांनी नुकतंच जूनचं सामान घेतलेलं असतं. आहे त्यात भागवा. त्वचेचा रंग म्हणून मुलं फिकट गुलाबी बाटली मागतात, तीही आणायला लावू नका. पिवळा ऑकर, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), थोडा पांढरा घेऊन आपापल्या मनगटाशेजारी कागद धरून रंग जुळवायला सांगा. एका बाकावर दोन मुलांच्या दोन वेगळ्या छटा निघतात आणि त्या दिवशी वर्ग इतका शांत असतो की मुख्याध्यापक डोकावून जातात.

सहलीचं वचन तर चुकूनही देऊ नका. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश फुकट आहे, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघण्यासारखं आहे (बुधवारी बंद असतं), पण शाळेची परवानगी, पालकांच्या सह्या, बस, सोबतीला शिक्षक हे सगळं जमेपर्यंत तुमच्या नेमणुकीची ऑर्डर संपलेली असते.

निघताना सगळे कागद वर्गवार गठ्ठे करून ठेवा. कुणाचं काय अडलंय, ते नावापुढे एका ओळीत लिहा: 'लंबगोल जमला, सावली अजून नाही', 'कंपासचा स्क्रू सैल, म्हणून भूमिती चुकते'. मी ती वही किटलीखाली ठेवली होती. हो, आणलेली किटली तिथेच सोडून आले. पुढच्या वर्षी बाईंचा फोन आला, बूड आता बऱ्यापैकी काळं पडलंय म्हणाल्या.