हाय-गेन ॲम्पपुढे ओव्हरड्राइव्ह पेडल जोडताना या चुका टाळा

ठाण्यात किंवा वाशीत जॅमरूम भाड्याने घेऊन मेटल वाजवणाऱ्या मुलांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते: ओव्हरड्राइव्ह पेडल (गिटार आणि ॲम्प यांच्यामध्ये जोडायची, सिग्नल वाढवून त्याला खरखरीत धार देणारी पेटी) घेतले, जोडले, आणि रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) स्पष्ट होण्याऐवजी अधिकच गढूळ झाला. अशा वेळी पेडल सहसा निर्दोष असते. ते कशासाठी घ्यायचे हेच ठरवताना चूक झालेली असते.

हाय-गेन ॲम्प सिग्नल स्वतःच खूप वाढवतो (हाच गेन) आणि त्यामुळे आवाज फाटका, खरखरीत होतो (हेच डिस्टॉर्शन). त्याच्याकडे डिस्टॉर्शनची कमतरता नसते, त्यामुळे त्याच्यापुढे जोडायच्या पेडलकडून आणखी डिस्टॉर्शनची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्या पेडलचे खरे काम गिटारचा खर्ज ॲम्पच्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे गेन देणाऱ्या पहिल्या भागात, शिरण्यापूर्वीच आवरणे हे असते. सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर आणि सात तारांच्या गिटारची सुमारे ६२ हर्ट्झवर वाजते, आणि एवढा खर्ज आधीच भरपूर गेन असलेल्या प्रीॲम्पमध्ये गेला की पाम म्यूटचा (तळहाताने तारा हलक्या दाबून वाजवलेला) ठोका फुगतो व दोन ठोक्यांमधली मोकळी जागा नाहीशी होते. अनेक जण यावर उपाय म्हणून ॲम्पवरचा बेस नॉब कमी करतात, पण बहुतेक हाय-गेन ॲम्पमध्ये तो नॉब मुख्य गेन टप्प्यांच्या नंतर येतो. गढूळपणा त्याआधीच तयार झालेला असल्यामुळे आवाज फक्त बारीक होतो, स्वच्छ होत नाही.

ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्हच्या जातीची पेडल्स मेटलमध्ये इतकी रुजली, त्याचे कारण इथेच सापडते. त्यांच्या सर्किटमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली गेन क्रमशः उतरत जातो, म्हणून खर्ज फारसा न वाढता पुढे जातो आणि मधल्या पट्टीला उठाव मिळतो. याउलट ‘ट्रान्स्परंट’, म्हणजे मूळ स्वर न बदलणारी, म्हणून विकली जाणारी पेडल्स किंवा साधा क्लीन बूस्ट (डिस्टॉर्शनशिवाय फक्त सिग्नल वाढवणारे पेडल) गिटारचा खर्ज जसाच्या तसा, किंबहुना अधिक जोराने, ॲम्पवर ढकलतात. ती पेडल्स वाईट नाहीत; या कामाला ती गैरलागू आहेत, इतकेच.

दुकानात क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शन नसलेल्या, ॲम्पवर पेडल वाजवून पाहणे ही दुसरी चूक, आणि ती मीही केली आहे. तिथे गोड वाटलेले पेडल घोडबंदर रोडच्या घरी आणून माझ्या ॲम्पला जोडले, तेव्हा त्यातल्या ज्या ड्राइव्हवर मी भाळलो होतो तो ॲम्पच्या गेनमध्ये पार बुडून गेला. म्हणून शक्य असेल तर स्वतःच्या ॲम्पवर किंवा निदान त्याच जातीच्या ॲम्पवर पेडल वाजवून पाहावे. ड्राइव्ह शून्यावर, टोन मध्यावर आणि लेव्हल बरीच वर ठेवून सुरुवात करावी आणि ॲम्पचा गेन रोजच्यापेक्षा स्पष्ट जाणवेल इतका उतरवावा, कारण ही शेवटची पायरी गाळली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. ड्राइव्ह शून्यावर म्हणजे पेडल निष्क्रिय, असेही समजू नये. मूळ ट्यूब स्क्रीमरमध्ये तेव्हाही वरच्या पट्टीचा सिग्नल सुमारे बारा पटींनी वाढतो.

पेडल दाबूनही सोलो मोठा ऐकू येत नाही, ही तक्रार गैरसमजातून येते. प्रीॲम्प आधीच संपृक्त झालेला असल्यास पुढून कितीही जोर लावला तरी आवाजाची पातळी जवळपास तीच राहते. बदलतो तो फक्त आवाजाचा पोत. सोलोसाठी खरोखर आवाज वाढवायचा असेल, तर क्लीन बूस्ट ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्पनंतर पेडल जोडण्यासाठी ॲम्पच्या मागे असलेल्या जॅकमध्ये) जोडावा.

घरघर वाढली तर आधी गिटारची केबल पेडलमधून काढून पाहावी. घरघर थांबली तर पिकअप, केबल किंवा जवळपासची विद्युत उपकरणे तपासावीत; चालूच राहिली तर संशय पेडल, ॲडॉप्टर किंवा ॲम्पवर येतो, आणि बारीक शीळ ऐकू येत असेल तर एकाच ॲडॉप्टरवर डिजिटल पेडल जोडलेले नाही ना, ते पाहावे. बहुतेक ओव्हरड्राइव्ह पेडल्सना ९ व्होल्ट आणि मध्यभागी ऋण टोक असलेला ॲडॉप्टर लागतो. ध्रुव उलटे लावणे किंवा पेडलवर तशी परवानगी लिहिलेली नसताना १८ व्होल्ट देणे महागात पडू शकते. नॉइज गेट (वाजवणे थांबले की उरलेली घरघर बंद करणारे पेडल) ओव्हरड्राइव्ह पेडलच्या नंतर लावावा. मात्र ॲम्पच्या स्वतःच्या प्रीॲम्पची सळसळ पुढच्या गेटने थांबत नाही, त्यासाठी गेट लूपमध्येच हवा. पावसाळ्यात जॅकमधून खरखर येऊ लागली, तर नवे पेडल शोधण्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनर वापरून पाहावा.

फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या भीतीने हळू वाजवताना कानाला खर्ज कमी भासतो आणि नकळत नॉब फिरवून तो वाढवला जातो. तीच सेटिंग जॅमरूममध्ये ड्रम आणि बेस गिटारसोबत भिंती हादरवते. त्यामुळे अंतिम सेटिंग बँडसोबतच ठरवावी. तिथे पेडलमुळे आवाज पातळ वाटू लागला, तर पेडल बंद न करता ॲम्पवरचा रेझोनन्स किंवा डेप्थ नॉब थोडा वाढवावा, कारण तो स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ॲम्पमध्ये, म्हणजे प्रीॲम्पच्या डिस्टॉर्शननंतर, खर्ज परत देतो आणि पाम म्यूटचा ठोका मात्र घट्टच राहतो.