अमेरिकेच्या दक्षिणेत बर्फाची वाट पाहताय? या चुका टाळा

अटलांटात वर्षाला सरासरी जेमतेम 2 इंच बर्फ पडतो, रालेमध्ये 5 इंचांच्या आसपास. तोही दरवर्षी पडतोच असं नाही. अटलांटाच्या अधिकृत केंद्रावर जानेवारी 2018 नंतर एका वेळी इंचभर बर्फ पडायला जानेवारी 2025 उजाडला. आणि त्याच महिन्याच्या 21 तारखेला न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर 8 इंच बर्फ साचला! अल्फारेटा, केरी, शार्लट इथली बरीच मराठी घरं हिवाळाभर हवामानाचे नकाशे उघडून बसतात ती याच अनिश्चिततेपायी. हिवाळा उबदार असला की ही ओढ आणखी वाढते, आणि चुकाही वाढतात.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात थंडी आणि ओल सहसा एकत्र येत नाहीत. उत्तरेकडून येणारी थंड हवा कोरडी असते. मेक्सिकोच्या आखातातून येणारी ओल आपल्याबरोबर ऊब घेऊन येते. दोघींची गाठ पडते ती काही तासांपुरती, आणि तीही गोठणबिंदूच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे. दोन्हींपैकी एकच बाजू पाहून बांधलेला अंदाज इथे फसतो.

गारठा वाढला म्हणजे बर्फ येणार, असं धरणं

पारा 20 अंश फॅरनहाइटला उतरला की उत्साह येतो, पण अशा रात्री आकाश बहुधा निरभ्र असतं, वारा पडलेला असतो आणि जमिनीची उष्णता थेट वर निघून जाते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दवाचे थेंब गोठतात, ते याच प्रकाराने. तिथे ढगांचा काही संबंध नसतो. बर्फाला लागणारी थंडी जमिनीपासून ढगापर्यंत उभी पसरलेली असावी लागते, आणि ओल पोहोचेपर्यंत ती टिकावी लागते. म्हणून उद्याचं किमान तापमान बघण्याआधी उत्तरेकडे जास्त दाबाचं क्षेत्र कुठे आहे ते बघा. ओल येताना ते न्यू इंग्लंड किंवा क्वेबेकच्या आसपास ठाण मांडून असेल, तर थंड हवेचा पुरवठा चालू राहतो. ते आधीच अटलांटिकवर सरकलं असेल, तर थंडी मागे हटते आणि पाऊस पडतो.

दहा दिवसांपुढच्या एका नकाशावर भरवसा ठेवणं

जीएफएस हे हवामानाचा अंदाज काढणारं अमेरिकेचं संगणकी मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि 384 तास, म्हणजे 16 दिवस पुढचं दाखवतं. एवढ्या लांबच्या नकाशात कुठे ना कुठे जॉर्जियावर बर्फाचा निळा पट्टा सापडतोच. पुढच्या रनमध्ये, म्हणजे मॉडेलच्या पुढच्या फेरीत, तो नाहीसा होतो आणि मग निराशा. वादळ घडवणारी हवेतली लाट अजून प्रशांत महासागरावर असते, तिथे हवामानफुगे जवळजवळ नसतात आणि उपग्रह व विमानांच्या नोंदींवर भागवावं लागतं. शंभरेक मैलांची चूक तिथे किरकोळ वाटते, पण इथे तेवढ्यानेच पाऊस की बर्फ हे ठरतं.

पाच दिवसांच्या पुढे एकच रन पाहू नका, समूह पाहा, म्हणजे सुरुवातीत थोडाथोडा फरक करून चालवलेले त्याच मॉडेलचे अनेक अंदाज. त्यातला प्रत्येक अंदाज म्हणजे एक सदस्य. जीएफएसच्या समूहात 31 सदस्य असतात, युरोपियन मॉडेलच्या समूहात 51. इथेही एक फसगत होते. लोक समूहाची सरासरी वाचतात. 31 पैकी 3 सदस्य 10 इंच दाखवत असतील आणि बाकी 28 शून्य, तर सरासरी साधारण 1 इंच येते. प्रत्यक्षात 1 इंच पडेल असं म्हणणारा एकही सदस्य त्यात नाही. म्हणून निदान 1 इंच दाखवणारे सदस्य किती, ते मोजा. सलग चार रनांत तो आकडा वाढत गेला, तर लक्ष द्यायला हरकत नाही.

वेळ वाचतानाही गोंधळ होतो. नकाशावरची वेळ ग्रीनिचची असते. रविवार 00 म्हणजे अटलांटा-रालेकडचे शनिवार संध्याकाळचे 7, डॅलसकडचे 6. रविवार सकाळचा म्हणून वाट पाहिलेला बर्फ शनिवारी रात्रीच येऊन जातो तो यामुळे.

याची उलट बाजूही खरी आहे. मॉडेल नाही म्हणतंय म्हणून बर्फ पडणारच नाही, असं नसतं. 24 आणि 25 जानेवारी 2000 ला रालेमध्ये 20.3 इंच बर्फ पडला. आदल्या दिवसापर्यंत मॉडेलं वादळ समुद्रावरून निघून जाईल असं सांगत होती. दक्षिणेकडच्या राज्यांत आधीच पडत असलेला पाऊस त्यांना नीट पकडता आला नव्हता. त्या पावसातून मोकळ्या झालेल्या उष्णतेमुळे वादळाची ओल किनाऱ्यापासून आत ओढली गेली. शेवटचे बारा तास उरले की नकाशा आणि रडार शेजारी शेजारी ठेवा. अलाबामात आत्ता दिसणारा पाऊस मॉडेलने दाखवलेल्या जागेपेक्षा उत्तरेला असेल, तर पुढचा अंदाजही उत्तरेकडे सरकवा. अशा वेळी दर तासाला नव्याने चालणारं एचआरआरआर मॉडेल कामी येतं. नेहमीचे रन ते 18 तासांचे देतं, दिवसातले चार रन 48 तासांचे. त्यातले पहिले 12 ते 15 तासच मनावर घ्या.

बर्फाचा रंगीत नकाशा जसाच्या तसा घेणं

उबदार हिवाळ्यात सर्वांत जास्त मनस्ताप हाच नकाशा देतो. बहुतेक संकेतस्थळं 1 इंच पाण्याचा 10 इंच बर्फ होतो असं गृहीत धरतात. दक्षिणेत गोठणबिंदूच्या आसपास पडणारा बर्फ ओला आणि जड असतो, तिथे हे प्रमाण 6 ते 8 धरणंच योग्य. त्यात अनेक नकाशे स्लीटही, म्हणजे टणटण उसळणारे बारीक बर्फकणही, बर्फातच मोजतात आणि तेही दहापटीने.

त्यापेक्षा हिशोब स्वतः करा. समजा, एकूण 0.60 इंच पाणी पडणार आहे. तासातासाचे नकाशे पाहिले तर पहिलं 0.20 इंच पाऊस म्हणून जाईल, पुढचं 0.15 स्लीट म्हणून, आणि उरलेलं 0.25 बर्फ म्हणून. बर्फाला 8 चं प्रमाण लावलं तर 2 इंच. स्लीटला अडीचाच्या आसपास धरलं तर 0.4 इंचाहून थोडं कमी. झाले सव्वादोन-अडीच इंच, आणि तेही जमिनीवर काही वितळलं नाही तर. तोच नकाशा मात्र 0.40 ला दहाने गुणून 4 इंच दाखवत असतो. हिशोबाला दोन मिनिटं लागतात. तेवढी मिनिटं द्याच.

फक्त 850 ची शून्य रेषा पाहणं

850 हेक्टोपास्कल ही हवेच्या दाबाची पातळी म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंची. तिथलं तापमान शून्य अंश सेल्सियसखाली गेलं की बर्फ, हा नियम खूप जण पाठ करतात. पण आखातावरून येणारी उबदार हवा बरेचदा त्या पातळीच्या थोडी वर किंवा थोडी खाली घुसते आणि नकाशावर दिसतच नाही. जाणकार या थराला वॉर्म नोज म्हणतात. तो पकडायचा तर साउंडिंग उघडावं लागतं, म्हणजे तुमच्या जागेचा जमिनीपासून वरपर्यंतचा उभा आलेख. लाल रेषा तापमानाची, हिरवी दवबिंदूची, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं त्याची.

वाचायला वरून सुरुवात करा. शून्याची तिरपी रेषा शोधा आणि लाल रेषा तिच्या उजवीकडे कुठे जाते ते पाहा. उबदार थराचं कमाल तापमान 1 अंश सेल्सियसपेक्षा कमी असेल, तर बर्फ बहुधा तगून जातो. 1 ते 3 अंश असेल तर तो अर्धवट वितळून खाली पुन्हा गोठतो, म्हणजे स्लीट. 3 च्या वर गेला की पूर्ण पाणी होतं. मग जमिनीलगतचा थर गोठणबिंदूखाली असला, तर तेच पाणी फांद्यांवर, तारांवर आणि रस्त्यावर काचेसारखं गोठतं. त्यालाच फ्रीझिंग रेन म्हणतात.

नॉर्थ कॅरोलायनात याला जोड म्हणून थरांची जाडी पाहण्याची जुनी पद्धत आहे. 1000 ते 850 हेक्टोपास्कलमधली जाडी 1300 मीटरच्या खाली आणि 850 ते 700 मधली 1540 च्या खाली असेल, तर बर्फाला अनुकूल. पहिली कमी आणि दुसरी जास्त असेल, तर वर ऊब शिरली आहे, स्लीट किंवा फ्रीझिंग रेनची तयारी ठेवा. नुसती 1000 ते 500 ची 5400 मीटरची रेषा हा फरक दाखवू शकत नाही, कारण ती सगळे थर एकत्र मोजते.

अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पूर्वेला राहणाऱ्यांनी एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. उत्तरेकडची थंड कोरडी हवा डोंगराला अडून व्हर्जिनियापासून जॉर्जियाच्या ईशान्य भागापर्यंत खाली घसरते. तिला तिथे वेज म्हणतात, पाचर. ही पाचर उथळ असते, अनेकदा किलोमीटरभरसुद्धा उंच नसते. जागतिक मॉडेलं तिला फार लवकर हटवतात. जमिनीवर थंडी टिकते ही चांगली बातमी वाटते, पण वर ऊब असताना टिकलेली थंडी बर्फ देत नाही. डिसेंबर 2002 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात अशाच फ्रीझिंग रेनच्या वादळाने झाडं आणि विजेच्या तारा लोळवल्या होत्या.

तापमान पाहणं, दवबिंदू न पाहणं

बाहेर 38 अंश फॅरनहाइट आहे म्हणून आशा सोडू नका, आणि 34 आहे म्हणून नाचूही नका. कोरड्या हवेतून बर्फ किंवा पाऊस पडू लागला की बाष्पीभवनाने हवा थंड होते. ती कुठपर्यंत उतरेल हे वेट बल्ब तापमान सांगतं. त्याचा ढोबळ ठोकताळा असा: तापमान आणि दवबिंदू यांतला फरक काढा, त्याचा एक तृतीयांश तापमानातून वजा करा. 38 तापमान, 20 दवबिंदू: फरक 18, त्याचा तिसरा हिस्सा 6, उत्तर 32. म्हणजे बर्फाची शक्यता खरीच आहे. 38 तापमान आणि 35 दवबिंदू असेल तर उत्तर 37, आणि मुकाट पाऊस. 34 आणि 33 असेल, तरी वरून थंड हवेचा पुरवठा नसेल तर चिखलच.

तापमापक गाडीचा किंवा भिंतीला चिकटवलेला नको. जमिनीपासून पाच फूट उंच, सावलीच्या जाळीदार पेटीत, घरापासून शक्य तितका लांब ठेवा. दोन अंशांवर सगळा खेळ असताना भिंतीची ऊब अंदाज बिघडवते.

रडारवर निळं दिसलं की बाहेर धावणं

रडारचा किरण जसजसा लांब जातो तसतसा उंच जातो. वर बर्फ पडत असतो आणि खालची कोरडी हवा तो गिळून टाकते. तुमच्या दवबिंदूची नोंद तासातासाला चढत असेल, तर हवा ओली होते आहे आणि थोडा धीर धरायला हवा. तो हललाच नाही, तर पट्टा तसाच डोक्यावरून जाईल. रडारवर अचानक गडद पिवळा-नारंगी पट्टा दिसला, तर जोरदार बर्फ समजू नका. बर्फ वितळायला लागला की त्यावर पाण्याचा थर येतो आणि तो रडारला फार ठळक दिसतो. सहसंबंध गुणांक (कोरिलेशन कोएफिशंट), म्हणजे रडारला दिसणारे कण किती एकसारखे आहेत ते दाखवणारं चित्र उघडा. जिथे तो 0.95 च्या खाली घसरलेला दिसतो, तिथे बर्फ-पाण्याची सरमिसळ चालू आहे. ती रेषा तुमच्या दिशेने सरकत असेल, तर पुढचा तास पावसाचा.

शेवटच्या टप्प्यात ढगाचा माथाही पाहा. ढग उणे 10 अंश सेल्सियसपेक्षा थंड थरापर्यंत पोहोचत नसेल, तर त्यात बर्फाचे स्फटिक फारसे तयार होत नाहीत. सगळे थर गोठणबिंदूखाली असूनही मग गोठणारी रिपरिप पडते.

इंचभर आहे, काय होतंय

28 जानेवारी 2014 ला अटलांटात 3 इंचांहूनही कमी बर्फ पडला. दुपारी सगळे एकदम घरी निघाले, चाकांखाली वितळलेला बर्फ लगेच गोठला आणि हजारो लोक रात्रभर महामार्गांवर अडकले, मुलं शाळांमध्ये झोपली. पूल आधी गोठतात. फ्रीझिंग रेनचा पाव इंच काचेसारखा थर फांद्यांवर चढला की वीज जाऊ शकते. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी किंवा बाहेरचा ग्रिल घरात किंवा गॅरेजमध्ये पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटर घरापासून 20 फूट लांब, खिडक्यांकडे धूर येणार नाही असा ठेवा. गाडीच्या काचेवर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते.

मोजताना

इतकी वाट पाहून पडलेला बर्फ चुकीचा मोजला जाऊ नये. गवतावर पट्टी रोवली तर पाती धरून आकडा फुगतो, सिमेंटवर वितळून घटतो. पांढरा रंग दिलेला, दीड-दोन फूट चौरस प्लायवूडचा तुकडा आदल्या दिवशीच उघड्या जागी ठेवा आणि शेजारी झेंडी रोवा, नाहीतर बर्फाखाली तो सापडत नाही. मोजमाप इंचाच्या दहाव्या भागापर्यंत. 0.1 च्या खाली असेल तर नोंद फक्त ट्रेस, म्हणजे नाममात्र. फळी साफ करून पुन्हा मोजायचं तर सहा तासांतून एकदाच. दर तासाला झाडून मोजलं की बेरीज खोटी वाढते, कारण बर्फाला दबायला वेळच मिळत नाही.

कोकोराझ या पाऊस-बर्फ मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्या जाळ्यात वापरल्या जाणाऱ्या 4 इंची पर्जन्यमापकातून आतली नळी आणि नरसाळं बर्फाच्या आधीच काढून घरात ठेवा. नळीत पाणी गोठलं की ती फुटते. बर्फ बाहेरच्या नळकांड्यात साचू द्या. मग आतल्या नळीत नेमकं 0.50 इंच कोमट पाणी मोजून नळकांड्यात ओता, सगळं वितळलं की नरसाळ्यातून नळीत परत मोजा. 0.82 आलं, तर त्यातून 0.50 वजा करून उरलेलं 0.32 हे तुमचं पाणी. स्लीट साचला असेल तर तो बर्फाच्या आकड्यात धरायचा, फ्रीझिंग रेनचा काचेसारखा थर मात्र धरायचा नाही.