स्वर्गाच्या कठड्याला टेकलेली ती: व्हिक्टोरियन कविता वाचायला शिकताना

एम.ए.च्या पहिल्या वर्षी एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी डान्टे गॅब्रिएल रोझेटी याच्या ‘द ब्लेसेड डॅमोझेल’ (धन्य युवती) या कवितेवर मी लिहिलेला निबंध तपासून परत आला, तेव्हा समासात एकच प्रश्न लिहिलेला होता: ‘यात देव नेमका कुठे आहे?’ ज्ञानेश्वरांच्या विराण्या लहानपणापासून कानावर असल्यामुळे, स्वर्गातली स्त्री, पृथ्वीवर मागे राहिलेला प्रियकर आणि दोघांमधले अंतर दिसताच मी जीवाशिवाचे रूपक मांडून मोकळा झालो होतो. विराणीत प्रेयसीची तळमळ देवाकडे वळलेली असते. रोझेटीने मात्र देवाघरचे सगळे वैभव एका स्त्रीच्या आठवणीसाठी खाली उतरवले आहे. तेव्हापासून धार्मिक प्रतिमा भेटली की तिचा अर्थ शोधण्याआधी तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे मी पाहतो. नव्याने या कवितेकडे वळणाऱ्यांनाही मी हेच सुचवीन.

प्रतिमांची ओळख मात्र आधी पक्की हवी. त्यासाठी मराठी बायबल हाताशी ठेवावे. ‘गीतरत्न’, ‘निर्गम’ आणि ‘प्रकटीकरण’ ही पुस्तके फार उपयोगी पडतात. रोझेटीच्या नायिकेच्या हातात तीन लिली आहेत, केसांत सात तारे आहेत आणि झग्यावर येशूची आई मरिया हिने दिलेला पांढरा गुलाब आहे. लिली हे मरियेच्या चित्रांतले ठरलेले फूल, तर ‘प्रकटीकरणा’च्या बाराव्या अध्यायातील स्त्रीच्या मुकुटात बारा तारे आहेत. इतके टिपून मी थांबलो होतो आणि तिथेच फसलो, कारण पुढे काही कडव्यांनंतर ती ज्या सोनेरी कठड्याला टेकून उभी आहे, तो तिच्या वक्षाच्या स्पर्शाने ऊबदार झाला असावा, असे कवी म्हणतो. देवाकडे निघालेले आत्मे तिच्या शेजारून बारीक ज्योतींसारखे वर जात असताना ही एकटी खाली वाकून पाहते. टीकाकार रॉबर्ट ब्यूकॅनन याने 1871 मध्ये रोझेटी व त्याच्या पंथाच्या कवितेला ‘मांसल’ ठरवून झोडपले. त्याचा निवाडा मला पटत नाही, पण त्याला काय खुपले ते या कठड्यापाशी कळते.

चरित्राचा मोह इथे फार होतो. पत्नी एलिझाबेथ सिडल हिच्या शवपेटीत रोझेटीने कवितांचे हस्तलिखित ठेवले आणि 1869 मध्ये ते उकरून काढवले, ही हकीकत इतकी नाट्यमय आहे की डॅमोझेल म्हणजे सिडलच, असे विद्यार्थी सर्रास लिहितात. मात्र कविता प्रथम छापली गेली ती 1850 मध्ये आणि सिडलचा मृत्यू झाला 1862 मध्ये. रोझेटीने कवितेवर पुढे अनेकदा हात फिरवला, म्हणून आपण कोणत्या वर्षाचा पाठ वाचत आहोत, हे निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात नोंदवावे.

त्याच घरातली, रोझेटीची कवयित्री बहीण क्रिस्टिना रोझेटी जास्त अवघड आहे. ‘अ बर्थडे’मध्ये प्रियकर आल्याच्या आनंदात ती एक आसन सजवायला सांगते आणि त्यावर पारवे, डाळिंबे व मोर कोरायला लावते. डाळिंबे ‘निर्गमा’त याजकाच्या झग्याच्या काठावर आहेत आणि ‘गीतरत्ना’त प्रेयसीच्या वर्णनातही आहेत, मग येणारा कोण, प्रियकर की ख्रिस्त? इथे प्रतिमेचे तोंड दोन्हीकडे आहे, आणि एक बाजू निवडली की कविता अर्धी होते, असे माझे मत आहे.

‘डॅमोझेल’ वाचताना कंसांतल्या ओळी वेगळ्या आवाजात, मोठ्याने वाचाव्यात. तो पृथ्वीवरच्या प्रियकराचा स्वर आहे. एकदा तिचे केस आपल्या चेहऱ्यावर पसरल्याचा त्याला भास होतो, पण ती झडणारी पाने असतात. शेवटी ती तळहातांत तोंड लपवून रडते आणि कंसातून तो सांगतो की तिचे अश्रू त्याला ऐकू आले. माझा निबंध मी पुन्हा लिहिला तो या ओळीपासून, कारण ‘प्रकटीकरणा’च्या एकविसाव्या अध्यायात देव प्रत्येक अश्रू पुसून टाकील असे वचन आहे, आणि रोझेटीच्या स्वर्गात ते पुसायला कोणीही पुढे येत नाही.